चिपटंभर ज्वारी, पुडीभर साखर

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आमच्या गावातल्या जुन्या किराणा दुकानात नवी वही आली नाही. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला लाल बांधणीची कोरी वही यायची, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं जायचं आणि पाडव्यापासून नवा हिशोब सुरू व्हायचा. या खेपेला आप्पांनी जुन्या वह्यांवरच हळदकुंकू वाहिलं आणि दोन दिवसांनी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या त्या कायमच्याच.

आप्पा आता पंचाहत्तरीच्या पुढचे. मुलगा पुण्याला नोकरीत, तो काही गादीवर येऊन बसणार नाही. मी दिवाळीला गावी होतो, म्हणून फळ्या लावायला मदतीला गेलो. तेव्हा ते म्हणाले, "गिऱ्हाईक येतंय रे, पण काडेपेटीला नाहीतर सुट्ट्या पैशाला. महिन्याचा बाजार तालुक्यालाच होतोय." मग कोपऱ्यातल्या पेटीतून वह्यांचा एक गठ्ठा काढला आणि विचारलं, "तुझ्या बापाचं पान बघायचं का?"

शेतकरी बंधू-भगिनींनो, या पानावर तुम्ही पेरणी, खत, फवारणी, बाजारभाव वाचता. तिथं किराणा दुकानाचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण जरा आठवून बघा. तुमच्या आजोबांच्या, वडिलांच्या शेतीचा अर्धा हिशोब शेतात होता आणि अर्धा गावातल्या दुकानाच्या वहीत. तो हिशोब आपण नीट वाचलाच नाही. म्हणून आज थोडं त्या दुकानाबद्दल.

फळ्यांचं दुकान

शटर ही पुढची गोष्ट. आप्पांच्या दुकानाला सागवानी फळ्या होत्या. प्रत्येकीवर खडूनं आकडा लिहिलेला. सकाळी एकेक फळी काढून भिंतीला टेकवायची, रात्री त्याच क्रमानं लावायची. क्रम चुकला की शेवटची फळी बसत नसे. बाहेर ओट्यावर खडेमिठाचं पोतं. ते रात्री बाहेरच राहायचं, कुणी हात लावत नसे. आत गोणपाटांची तोंडं गुंडाळून ठेवलेली : तांदूळ, हरभराडाळ, साखर, शेंगदाणे, पोहे. गुळाची ढेप लोखंडी कांबीनं फोडायची. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा, त्यात पळी. वर दोरीला टांगलेले केरसुण्यांचे जुडगे, आणि तुळईला साखळीनं लोंबकळणारा तराजू.

तराजूच्या एका पारड्याला बारीकसा खडा दोऱ्यानं बांधलेला असायचा. हा पासंग. दोन पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला तो बांधायचा. काही ठिकाणी याच खड्यानं गिऱ्हाईकाला फसवलंही जायचं. म्हणून जाणती माणसं माल घालण्याआधी म्हणायची, "आधी मोकळा काटा दाखवा." हा शहाणपणा इलेक्ट्रॉनिक काट्याच्या काळातही सोडू नका. माल ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे का, ते बघाच.

सगळा माल सुटा. सुटा म्हणजे हवा तेवढा. ज्याच्याकडं दोन रुपये त्याला दोन रुपयांची साखर, ज्याच्याकडं आठ आणे त्याला आठ आण्यांची चहापावडर. पुडी बांधायला रद्दीचा कागद आणि वर टांगलेल्या रिळाचा दोरा. आप्पांच्या हाताला अशी सवय की कागदाचा सुळका करून, माल भरून, तोंड मुडपून, दोऱ्याचे दोन वेढे देऊन तोडेपर्यंत नजर पुढच्या गिऱ्हाईकावर असायची. पुडी सुटली की कागद आम्ही पोरं वाचायचो. शेतीचं पान मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं ते शेंगदाण्याच्या पुडीवर. अर्धाच लेख होता. कपाशीवर काय फवारायचं ते होतं, किती फवारायचं तो भाग दुसऱ्या कुणाच्या पुडीला गेलेला.

घेताना शीग, देताना सपाट

आमच्या भागात त्या वेळी रोख पैसा सुगीतच दिसायचा. बाकी वर्षभर घरातलं धान्य हाच पैसा. नव्वदच्या दशकातसुद्धा आम्ही पोरं फडक्यात ज्वारी बांधून दुकानावर जायचो आणि खोबऱ्याचा तुकडा किंवा लिमलेटच्या गोळ्या घेऊन यायचो. बायकांचा व्यवहार सकाळी, गडीमाणसं रानात गेल्यावर. पदराखाली चिपटंभर ज्वारी, कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी वेचणीतला मूठभर कापूस, कधी दोन अंडी. त्यातून साखर-चहा, सुई-दोरा, लेकीसाठी रिबीन. घरधन्याला न विचारता खर्च करता येईल असा बाईचा तेवढाच पैसा होता. बचत गट पुढं आले, पण बाईची पहिली बँक दुकानाच्या ओट्यावरच होती.

आता या मापांची नावंही मुलांना माहीत नाहीत, म्हणून सांगून ठेवतो. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. पुढं मण किती पायल्यांचा, हे भागाभागानं वेगळं. कुठं बारा, कुठं सोळा. हा शेर मापाचा, म्हणजे भांड्यात किती मावतं त्याचा. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. सरकारनं १९५६ साली वजनमापांचा कायदा केला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. पण गावाच्या तोंडातून काही शेर गेला नाही. आजही आपण अडीचशे ग्रॅमला 'पावशेर'च म्हणतो.

वजनात आणि मापात एक फरक आहे, तो व्यवहारात फार महागात पडायचा. भांडं भरताना वर ढीग रचला तर ती शीग. भांड्याच्या काठावरून हात फिरवला तर माप सपाट. शेतकऱ्याकडून ज्वारी घेताना शीग लावायची आणि त्यालाच डाळ देताना माप तासून द्यायचं, ही कितीतरी दुकानांची रीत होती. एका चिपट्याला मूठभर फरक. एका खेपेला तो कुणाच्या लक्षात येत नाही, पण वर्षभराच्या सगळ्या खेपांचा मिळून होतो पोत्याचा.

माझी आजी यात पक्की होती. ती आपलं चिपटं घरून घेऊन जायची. "तुमच्या चिपट्यानं घ्या, पण मला डाळ द्याल ती पण त्याच चिपट्यानं, आणि तशीच शीग लावून," असं सगळ्यांसमोर म्हणायची. आप्पांचे वडील तेव्हा गादीवर होते. ते हसायचे आणि शीग लावायचे.

जमलेली किरकोळ ज्वारी, तूर, शेंगा पोत्यात भरून दुकानदार तालुक्याच्या बाजारात पाठवायचा. म्हणजे दुकान दोन तोंडांचं होतं. एका तोंडानं गावाला माल विकायचं, दुसऱ्या तोंडानं गावाचा माल घ्यायचं. दोन्हीकडं त्याला नफा होता, पण व्यवहार दोन्ही बाजूंनी चालायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं तिच्यावरच येणार आहे.

वहीतलं पान

२००३ साली आपल्याकडं पावसानं दगा दिला, ते साल तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मी दहावीला होतो. खरीप गेला, रब्बीची मालदांडी गुडघ्याएवढी होऊन वाळली. आई-वडील रोजगार हमीच्या कामावर जायचे. दुकानातली उधारी ३,८४० रुपयांवर गेली आणि वडिलांनी दुकानावरून जाणंच बंद केलं. घरून निघायचं ते देवळाच्या मागच्या बोळातून. दोन महिने आम्ही आठवडे बाजारातून रोखीनं मीठ-मिरची आणत होतो, तेवढंच.

एका संध्याकाळी आप्पा आमच्या अंगणात आले. हातात काही नव्हतं. बसले, पाणी प्याले आणि वडिलांना म्हणाले, "दुकानावर यायचं का बंद केलंस? थकलंय ते थकलंय. तू तोंड चुकवलंस तर तुझं पण जातं आणि माझं पण. सकाळी पोराला पाठव, गूळ-तेल घेऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. त्यानंतर वर्षभरानं आमची तूर आली, तेव्हा सगळी बाकी फिटली.

ते पान गेल्या दिवाळीत मी पाहिलं. २००३ सालची वही, वडिलांचं नाव, खाली महिन्यावार नोंदी. शाई फिकी झालीय पण वाचता येते. डिसेंबरात एक ओळ आहे : 'पोरास वह्या ६'. पुढं रकमेची जागा कोरी. मी विचारलं, तर आप्पा म्हणाले, "राहिलं असेल लिहायचं." शेवटच्या बेरजेतही ती रक्कम नाही.

पण त्याच पानाच्या तळाला तुरीचा हिशोब आहे. किती पोती, किती वजन, काय दर. घरी येऊन मी वडिलांना तो दर सांगितला. वडील लगेच म्हणाले, "त्या आठवड्यात बाजार समितीत क्विंटलला शंभर रुपये जास्त होता." वीस वर्षं झाली, दर तोंडपाठ. मी म्हटलं, "मग तिथं का नाही नेली?" ते म्हणाले, "ज्यानं वर्षभर खाऊ घातलं त्याच्या दारावरून पोती दुसरीकडं कशी न्यायची?"

बंधूंनो, सहा वह्यांची कोरी जागा आणि शंभर रुपयांचा कमी दर, दोन्ही एकाच पानावर आहेत. जुन्या दुकानाची आठवण काढताना यातली एकच ओळ वाचली तर ती आठवण खोटी ठरते. आप्पा भले होते आणि व्यापारीही होते. आमची उधारी त्यांनी तोडली नाही, कारण माणूस तुटला की गिऱ्हाईक तुटतं आणि पैसाही बुडतो, हे त्यांना कळत होतं. कुणाच्या विहिरीला किती पाणी, कुणाची किती एकर पेर, कुणाच्या घरी लग्न निघालंय, हे त्यांना ठाऊक होतं. बँक सात-बारा, आठ-अ बघून जे ठरवते, ते ते ओट्यावर बसून ठरवायचे.

पण हिशोब लिहिणारा हात एकच होता. त्या वहीची नक्कल आमच्या घरात कधीच नव्हती.

करडे आणि सुपे

हिशोब एकाच हाती असला की काय होतं, याचा मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं आपल्या कापसाला भाव आला. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळला, सारा मात्र वाढला. पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतला शेतकरी सावकाराच्या दारात गेला. गावोगाव हा सावकारच दुकानदारही होता. मीठ-मिरची, कापड त्याच्याकडूनच, कर्जही त्याच्याकडूनच, आणि दोन्हीची वही एकच.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांच्या घरी काम करायचं नाही, असं ठरलं. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे इथं लोक उठले. त्यांनी दुकानं आणि घरं फोडली, पण त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. ते कागद बाहेर काढून त्यांनी जाळले. हे लोण दोन्ही जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोचलं. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी मदतीचा कायदा झाला. त्या कायद्यानं कर्जदाराला पैसे भरल्याची पावती आणि हिशोबाचा उतारा मागायचा हक्क दिला.

दीडशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचा राग कशावर होता बघा. आपल्याला न दिसणाऱ्या, न वाचता येणाऱ्या हिशोबावर. आज आपल्याला वाचता येतं, पण आपला हिशोब आपण ठेवतो का? गावोगाव बैठका घेताना मी विचारतो, "गेल्या खरिपाचा एकरी खर्च किती?" क्वचितच कुणी वही काढतं. मात्र कृषी सेवा केंद्राच्या आणि किराणा दुकानाच्या वहीत त्याच माणसाची पानं भरलेली असतात.

पुडी गेली, पाकीट आलं

सुटा माल एका दिवसात गेला नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. हा धोतरा म्हणजे आपल्या बांधावरचं ते काटेरी, पिवळ्या फुलाचं तण. पन्नासहून अधिक माणसं दगावली. त्याच वर्षी केंद्र सरकारनं खाद्यतेल बंद पाकिटातूनच विकण्याचा आदेश काढला. मग पत्र्याच्या डब्यातली पळी हळूहळू गेली. २००६ सालापासून खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशभर बंदी आली आणि ओट्यावरचं खडेमिठाचं पोतंही गेलं. ३० जून २०११ नंतर चार आण्याचं नाणं चलनातून उठलं. २०१६ साली यूपीआय आलं आणि आता चहाच्या टपरीवरही पैसे मोबाईलवरून जातात.

यातलं सगळंच वाईट झालं, असं मी म्हणणार नाही. पाकिटावर वजन छापलेलं असतं, तारीख असते, जास्तीत जास्त किंमत असते. आजीला चिपटं घरून न्यावं लागायचं, ते आता लागत नाही. गलगंडाच्या आजाराला आयोडीनच्या मिठानं आळा बसला. सुपरमार्केटही काही परकं नाही. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानं सहकारातून वारणा बाजार उभा राहिला, तो शहरांत मॉल येण्याच्या कितीतरी आधी. हाताला येईल तो माल स्वतः उचलून घ्यायचा, छापील भावात, ही सोय खेड्यातल्या बाईला सहकारानं दिली. पुढं २००२ साली मुंबईत पवईला डी-मार्टचं पहिलं दुकान निघालं, आणि आज तालुक्याच्या गावीही तशी लहान-मोठी दालनं दिसतात.

तिथं माल स्वस्त मिळतो हे खरं आहे. पण तिथं दोन गोष्टी मिळत नाहीत. एक, थकलेल्या बाकीवरही माल देणारा माणूस. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली, एसटी बंद, आठवडे बाजार बंद. तेव्हा तालुक्याचं दालन आपल्या कामाला आलं नाही. गावातल्याच दुकानांनी अर्धी फळी उघडून माल दिला, तोही बहुतेक उधार. आप्पांच्या वहीत त्या तीन महिन्यांची पानं सगळ्यात दाट भरलेली आहेत. त्यातली काही अजून फिटलेली नाहीत. मी नावं वाचू लागलो तसं त्यांनी वही मिटून घेतली.

दुसरी गोष्ट, दुसरं तोंड. तालुक्याचं दालन तुम्हाला विकतं, तुमच्याकडून घेत काही नाही.

तूर जाते, डाळ येते

आमच्याच गावाचं बघा. दरवर्षी तूर निघते ती टेम्पोत भरून बाजार समितीत. तिथून गिरणीत, तिथून पाकिटात. तीच तूर पॉलिश होऊन, चकचकीत पाकिटात आमच्याच गावात परत येते आणि तुरीचा शेतकरी ती रोखीनं विकत घेतो. एक क्विंटल तुरीची साधारण ७० किलोच्या आसपास डाळ होते. राहिलेली चुणी आणि भुसा जनावराला. डाळ विकत घेताना आपण चुणीचेही पैसे घालवतो, आणि गिरणीतून आलेली चुणी परत वेगळी विकत घेतो.

तेलाचं तर विचारूच नका. आपला हा भाग करडईचा. ज्वारीच्या पाट्याभोवती करडईच्या ओळी असायच्या. काट्यामुळं जनावर आत शिरत नसे आणि घरचं तेल निघायचं. गावच्या घाण्यावर गाळलेलं तेलच आप्पांच्या डब्यात असायचं. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल परदेशातून येतं. आपण करडई सोडली, घाणा बंद पडला आणि पाकिटातलं तेल घरात आलं.

म्हणून मी म्हणतो, जुन्या दुकानाचं काही परत आणायचं असेल तर फळ्या आणि पुड्या आणू नका, ते दुसरं तोंड परत उघडा. गावचा माल गावच्या दुकानात दिसला पाहिजे.

हे सोपं नाही, तेही सांगतो. मी काम करतो त्या एका गावात महिलांच्या गटानं मिनी डाळ मिल घेतली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली मिनी डाळ मिल अनेक गटांना परवडते, चालवायलाही अवघड नाही. डाळ चांगली निघाली. पण पहिल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी भरलेल्या डाळीत भुंगेरा पडला, कारण तूर नीट वाळली नव्हती. दुकानदारानं माल परत केला. गटातल्या बाया रडकुंडीला आल्या. यात चूक माझीही होती. यंत्र कसं चालवायचं ते मी सांगितलं, पण वाळवण्यावर पुरेसा जोर दिला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी उन्हाळ्यातच तूर कडक वाळवली, दाताखाली दाणा 'कट्' वाजेपर्यंत. डाळ छोट्या पाकिटांत भरली, वर वजन, तारीख, किंमत लिहिली आणि आधी गावच्याच दोन दुकानांत ठेवली. आता त्यांची डाळ थांबत नाही. दुकानदार म्हणतो, "हिला पॉलिश नाही, पण शिजते लवकर. एकदा नेली की परत तीच मागतात."

चार गोष्टी करून बघा

पहिली : घरात एक वही घाला. डाव्या पानावर घेतलेला माल, उजव्या पानावर दिलेले पैसे किंवा धान्य. किराणा, खत, औषध, मजुरी, सगळं. दुकानदाराच्या वहीशी दर महिन्याला ताडून बघा आणि त्याची सही घ्या. चांगला दुकानदार यानं रागावत नाही, उलट त्याचेही वाद वाचतात.

दुसरी : उधारीचा भाव आणि रोखीचा भाव विचारा. उदाहरण म्हणून समजा, रोख १०० रुपयांचा माल उधारीत १०५ ला मिळतो आणि तुम्ही पैसे चार महिन्यांनी देता. वहीत व्याज कुठंच दिसत नाही, पण वर्षाचा दर १५ टक्के पडला. पीक कर्ज वेळेत फेडलं तर ते याहून स्वस्त पडतं. किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे, ते वापरात ठेवा. पण पेरणीचं कर्ज किराण्यात आणि लग्नात जाऊ देऊ नका. तसं झालं की दोन्हीकडची बाकी राहते.

तिसरी, सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीच्या मंडळींसाठी : गावात ग्रामपंचायतीचा गाळा असेल तर त्यातली एक फळी तरी गावच्या मालाला द्या. डाळ, करडईचं तेल, ज्वारीचं पीठ, हळद, पापड, शेवया. २०२० साली केंद्रानं सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली, तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलेलं होतं. या आणि अशा योजनांची सध्याची स्थिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा आणि ग्रामसभेत सांगा. खाण्याचा माल विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी आणि पाकिटावरचा मजकूर या दोन गोष्टी चुकवू नका.

चौथी, दुकानदार बंधूंसाठी : तुमच्याकडं येणारं पोर मोबाईलवर तालुक्याचे भाव बघतं, त्या भावात तुम्ही टिकणार नाही. तुमची ताकद वेगळी आहे. तुम्हाला माणूस माहीत आहे आणि कुणाच्या रानात काय पिकतं ते माहीत आहे. ते पिकलेलं तुमच्या दुकानात ठेवा. घेताना आणि देताना माप मात्र एकच ठेवा.

शेवटी वडिलांच्या पानाचं काय झालं ते सांगतो. आप्पांनी ती २००३ ची वही मला दिली, म्हणाले, "माझ्या मागं रद्दीतच जाईल, तू ने." मी घरी आणली. वडिलांनी चष्मा लावून सगळं पान वाचलं. वह्यांच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "हे राहिलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी ते आप्पांच्या घरी गेले. पैसे घेतले की नाही, हे दोघांनीही मला सांगितलं नाही.

तुमच्या गावात असं जुनं दुकान अजून चालू असेल, तर या आठवड्यात एकदा जा. मागची बाकी असेल तर बोला, आणि येताना घरच्या तुरीची किलोभर डाळ त्यांना दाखवा. ठेवतात का, विचारून बघा.